बोबोटी, पिवळा भात आणि अंगणातली घंटा



परदेशच्या अभ्यासदौऱ्यावरून परत आलेल्या माणसाला गावात दोन प्रश्न विचारले जातात. ओसरीवरची मंडळी विचारतात, "एकरी किती निघते तिकडे?" आणि माजघरातून प्रश्न येतो, "जेवायला काय असते हो त्यांच्याकडे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी गावोगावच्या मेळाव्यांत इतक्या वेळा दिले आहे की तुमच्यापैकी काहींना ते पाठ झाले असेल. दुसऱ्याचे उत्तर मात्र राहून गेले. ते आज देतो. थोडे लांबेल, पण ऐका.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात नाशिक आणि सांगली जिल्ह्यांतल्या वीसएक द्राक्ष बागायतदारांबरोबर मी दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात गेलो होतो. केपटाउन शहरापासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर पार्ल, स्टेलेनबॉश, फ्रान्सहुक ही गावे आहेत. दोन्ही बाजूंना उघडे दगडी डोंगर आणि मधल्या खोऱ्यात नजर पोचेल तिथपर्यंत द्राक्षबागा. आपला श्रावण तो त्यांचा हिवाळा. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, हे आधी ध्यानात घ्या. थंडीने वेलीची पाने झडतात, वेल झोपी जाते आणि त्याच वेळी वर्षातली एकच छाटणी होते. आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी असा दुहेरी खटाटोप नाही. आम्ही गेलो तेव्हा बागा बोडक्या होत्या आणि ओळींमध्ये बायका-पुरुष कात्र्या घेऊन वाकलेले होते.

त्या दिवशीचे दुपारचे जेवण एका मळ्यावर होते. मळ्याचे नाव देत नाही, दिले तर जाहिरात केल्यासारखे होईल. तसे मळे तिथे कितीतरी आहेत. स्वतःची द्राक्षे स्वतःच गाळायची, वाईन स्वतःच बाटलीत भरायची, ती आपल्या अंगणातच विकायची आणि आलेल्या गिऱ्हाइकाला जेवूही घालायचे, असा हा धंदा. १९७१ साली स्टेलेनबॉशच्या तीन शेजारी बागायतदारांनी एकत्र येऊन आपले मळे पाहुण्यांसाठी खुले केले आणि रस्त्यावर पाट्या लावल्या. फ्रान्समध्ये एकाने तसे पाहिले होते, तिथून ही कल्पना निघाली. आज त्या वाईनच्या वाटेवर जगभरातून माणसे येतात. तीन शेजारी बांधावरून भांडण्याऐवजी एका पाटीखाली आले, एवढी गोष्ट आमच्या अण्णांनी वहीत टिपून घेतली. त्यांचे स्वतःचे बांधाचे दोन दावे चालू आहेत, ही गोष्ट वेगळी.

पांढऱ्या चुन्याच्या भिंती, वर गवताने शाकारलेले छप्पर, दर्शनी भिंतीला नागमोडी शिखर, समोर ओकची जुनी झाडे. मळ्याचे घर म्हणजे एखादा वाडाच. जेवणाआधी वाईनची चव घेण्याचा कार्यक्रम होता. चव घ्यायची, तोंडात घोळवायची आणि समोरच्या भांड्यात थुंकून टाकायची! आमच्या मंडळींना हे काही पटेना. "साहेब, चूळ भरायला एवढ्या लांब आणलं व्हय?" असे तासगावकडचे बापू म्हणाले. मी घेत नाही. माझ्यासाठी तिथे हानेपूट नावाच्या द्राक्षाचा रस आणला. म्हणजे आपण ज्याला मस्कत म्हणतो त्या कुळातले द्राक्ष. कस्तुरीसारखा वास आणि गळ्याला चिकटणारी गोडी. त्या रसाची एक बाटली मी घरी आणली होती, ती आठवडाभर पुरवून पुरवून प्यायली गेली.

माझी खरी अडचण पुढेच होती. श्रावण पाळतो, म्हणजे मांस नाही आणि अंडेही नाही. आणि केपच्या लोकांचे जेवण मांसावाचून सुरूच होत नाही. वाढायला आलेली बाई तिशी-पस्तिशीची, सावळी, हसतमुख. मी तिला समजावून सांगितले की हा आमचा व्रताचा महिना. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "आमच्याकडेही रमझान पाळणारी घरे आहेत. मी स्वयंपाकघरात सांगते." थोड्या वेळाने माझे ताट आले.

आता ताटात काय होते ते सांगतो.

त्यांचा मानाचा पदार्थ म्हणजे बोबोटी. खिमा कांद्यावर परततात, त्यात हळद, करीचा मसाला, दुधात भिजवलेला पाव, बेदाणे आणि जर्दाळूचा जॅम घालतात. वर दूध-अंड्याचे मिश्रण ओततात, त्यावर तमालपत्रासारखी सुगंधी पाने खोचतात आणि भट्टीत भाजतात. वरची साय सोनेरी होते. तिखट, आंबट आणि गोड अशा तिन्ही चवी एका घासात. खिम्याऐवजी सबंध मसूर घालूनही ती करतात. त्या बाईने माझ्यासाठी अंडे ओतायच्या आधीच मसुराची वाटी काढून आणली. सोबत पिवळा भात होता. हळद, दालचिनी, बेदाणे आणि चिमूटभर साखर. आपल्या साखरभाताचा धाकटा भाऊ म्हणा ना! शिवाय राजम्यासारखे दाणे व्हिनेगर आणि साखरेत मुरवलेले, मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, आणि गाजर, ढोबळी मिरची, मिरची यांचे झणझणीत कालवण. त्याला चाकालाका म्हणतात. मक्याच्या गोळ्यावर चाकालाका घेऊन मी बोटांनी जेवलो तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या पाहुण्यांनी कौतुकाने पाहिले, पण वाढणारी बाई म्हणाली, "घरी आम्हीही असेच जेवतो."

बापूंनी मात्र श्रावण सीमेवरच सोडला होता. त्यांच्यापुढे मटणाचा एक रस्सा आला, त्यात हिरवट कळ्या. नाव जिभेला वळण देणारे, वॉटरब्लॉमेकी. अर्थ सोपा, पाण्यातली फुले. हिवाळ्यात तळ्यांवर पांढऱ्या फुलांचा थर तरंगतो. थंडगार पाण्यात उतरून ही फुले खुडतात आणि आंबट पाल्याबरोबर मटणात शिजवतात. गोरे लोक यायच्या आधीपासून तिथले मूळचे खोईखोई लोक ती खात आले आहेत. बापूंच्या मते चव घेवड्याच्या शेंगेजवळ जाणारी. आज तिकडचे शेतकरी आपल्या शेततळ्यांत मुद्दाम ही फुले लावतात. पाणी साठवले ते बागेला आणि वरची फुले बाजाराला. आपल्याकडे एवढी शेततळी झाली, त्यांच्या पाण्याच्या वर काय उगवते? शेवाळ. (आता कोणी रोपे मागवायची पत्रे लिहू नका. परदेशी पाणवनस्पती मोकळी सोडली तर काय होते हे जलपर्णीने आपल्याला पुरेसे शिकवले आहे.)

भाकरीसारखा जाड पाव निखाऱ्यांच्या जाळीवर भाजून आणला होता. निखारे कशाचे? छाटणीच्या काड्यांचे आणि उपटलेल्या जुन्या खोडांचे. द्राक्षाच्या हंगामात तर फसफसणारा रस घालूनच पीठ फुगवतात आणि बडीशेपेच्या वासाचे गोड पाव करतात. रस आटवून काळसर पाकही करतात. तो चाखल्याबरोबर बापू उभेच राहिले. "साहेब, ही तर आपली काकवीच की! उसाच्या जागी द्राक्ष." आणि खरेच होते ते. वाईनखेरीज द्राक्षाचे इतके काही होते, हे आम्हा द्राक्षवाल्यांना केपच्या एका स्वयंपाकघराने दाखवले.

जेवताना एका वाटीत कैरीचे तेलकट, पिवळे काही आले. मी नाव विचारले. ती म्हणाली, "आचार."

घास हातात राहिला. समुद्रापलीकडे इतक्या दूर, डच लोकांच्या मळ्यावर हा शब्द कुठून आला? मी तिला तसे विचारले. तेव्हा तिने पदर खोचून बसावे तशी खुर्ची ओढली. दुपार कलली होती, गर्दी नव्हती.

तिने सांगितले ते आणि नंतर मी वाचले ते, दोन्ही मिळून सांगतो. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीचा यान व्हॅन रिबेक केपला उतरला, आपल्या मसाल्याच्या जहाजांना वाटेत भाजीपाला आणि पाणी मिळावे म्हणून. १६५५ साली वेली लावल्या, १६५९ च्या फेब्रुवारीत पहिली वाईन निघाली. पण राबायचे कोणी? १६५८ पासून जहाजे भरभरून गुलाम आणले गेले. पूर्व आफ्रिकेतून, मादागास्करहून, जावा-सुमात्राकडच्या बेटांवरून. आणि बंधू-भगिनींनो, आपल्याकडूनही. बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून. सुमारे दीडशे वर्षांत साठ हजारांच्या आसपास माणसे. शेतात हे, बागेत हे आणि चुलीपुढेही हेच. बंगालची अँजेला नावाची एक बाई १६५७ मध्ये तिथे आणली गेली, ती खुद्द व्हॅन रिबेकच्या घरी राबली. १६६६ मध्ये ती मुक्त झाली, पुढे एका युरोपीय माणसाशी तिने लग्न केले, आणि आज तिथल्या कितीतरी गोऱ्या घराण्यांची वंशावळ त्या बंगाली बाईपाशी जाऊन पोचते. सगळ्यांचे नशीब तिच्यासारखे नव्हते.

तर ती हळद, ते आचार, तो मसाला कंपनीच्या साहेबाने आणला असेल. पण तो कसा वापरायचा, हे ज्ञान त्या बायकांच्या हातात होते. मालकाच्या भट्टीत, मालकाच्या मांसात त्यांनी आपल्या आईची चव घातली. पुढे त्याला केप-मलाय स्वयंपाक म्हणू लागले. आज तोच पदार्थ दक्षिण आफ्रिकेचा म्हणून जगात मिरवतो.

"तुमचे आडनाव काय?" मी विचारले. तिने सांगितले ते एका इंग्रजी महिन्याचे नाव होते. मला वाटले, थट्टा करते आहे. ती म्हणाली, "आमच्याकडे अशी आडनावे पुष्कळ आहेत. गुलामाचे खरे नाव कोण विचारणार? ज्या महिन्यात आणला किंवा विकत घेतला, तो महिना त्याचे नाव."

अंगणात दोन पांढऱ्या खांबांच्या मध्ये एक मोठी घंटा टांगलेली होती. आमच्या मंडळींनी तिच्याखाली उभे राहून फोटो काढले होते, मीही काढला होता. मंदिरासारखी घंटा दिसली की आपला हात वर जातोच. ती म्हणाली, "ती गुलामांची घंटा. पहाटे वाजली की मळ्यात जायचे, वाजली की परत यायचे." १८३४ साली कायद्याने गुलामगिरी गेली, पण आणखी चार वर्षे शिकाऊ म्हणून त्याच मालकाकडे राबावे लागले. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. राबणाऱ्याला एक छदामही नाही.

पण मला रात्री झोप आली नाही ती पुढच्या गोष्टीने. मजुरीचा काही भाग वाईनमध्ये देण्याची चाल तिकडे होती. तिला 'डॉप' म्हणतात. पहाटे पत्र्याच्या पेल्यातून एक घोट, न्याहारीला एक, दुपारी एक, असे दिवसभर. विकायच्या लायकीची नसलेली वाईन. तिचे आजोबा दिवसाला पाच पेले घेत. आठवड्याच्या शेवटी हातात पैसा थोडा आणि अंगात नशा पुरी. माणूस मळा सोडून जाणार कुठे? १९६० च्या दशकात कायद्याने बंदी आली, तरी काही मळ्यांवर १९९० च्या दशकापर्यंत ही चाल चोरून चालली. बायकाही पीत, पोटुशा बायकासुद्धा. गर्भात दारू पोचली की मुलाची वाढ खुंटते, मेंदू कायमचा अधू होतो आणि ते पुढे कोणत्याही औषधाने भरून येत नाही. अशा मुलांचे प्रमाण जगात सर्वांत जास्त जिथे आढळते, त्या भागांत या सुंदर द्राक्षखोऱ्यांची गणना होते. "माझा धाकटा मामा तसा आहे," ती म्हणाली. "पन्नाशीचा झाला, पण बाजारात सुटे पैसे मोजता येत नाहीत." आणि उठून ती दुसऱ्या टेबलाकडे गेली, कारण तिकडे हाक आली होती.

जेवणाचे बिल आले. माझ्या ताटाचे १९० रँड. त्या वेळी एक रँड म्हणजे आपल्या पाच रुपयांच्या आतबाहेर, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. पण मी दुसराच हिशेब केला. त्याच वर्षी, २०१९ च्या जानेवारीत, त्या देशात राष्ट्रीय किमान वेतन सुरू झाले होते. सर्वसाधारण दर ताशी २० रँड, पण शेतमजुराला १८ रँड. म्हणजे खिडकीबाहेर जो माणूस वेल छाटत होता, त्याची किमान मजुरी धरली तर माझे एक ताट त्याच्या साडेदहा तासांचे. (शेतमजुराचा दर इतरांच्या बरोबरीला आला तो मार्च २०२१ पासून.) हेही सहज मिळालेले नाही. हेक्स नदीच्या खोऱ्यात डी डोर्न्स नावाचे गाव आहे, तिथे खायची द्राक्षे पिकतात. युरोपच्या बाजारात आपल्या द्राक्षांशी टक्कर देणारी म्हणून हे नाव आपल्यातल्या निर्यातदारांना ठाऊक असेल. २०१२ च्या नोव्हेंबरात तिथल्या मजुरांनी संप केला. रोजची किमान मजुरी ६९ रँड होती, मागणी १५० ची होती. रस्ते अडले, बागा जळाल्या, माणसे मेली. शेवटी २०१३ च्या मार्चपासून १०५ रँड ठरले.

परतीच्या वाटेवर बसमध्ये बापू गप्प होते. त्यांच्या मनात काय घोळत होते ते मला माहीत होते. थोरल्या मुलाला आपल्या बागेत असेच जेवणघर काढायचे होते. आपल्या राज्यात २००१ पासून द्राक्षप्रक्रियेचे धोरण आल्यावर नाशिककडे वाईनचे मळे उभे राहिले, शहरातले लोक तिथे शनिवार-रविवार जातात, ते पोराने पाहिलेले. पोराची आई मात्र हटून बसली होती. बापूंनी हळूच विचारले, "साहेब, तुम्ही काय म्हणता?"

मी त्यांना जे सांगितले तेच तुम्हालाही सांगतो. पिकवणाऱ्याने पाहुण्याला आपल्या दारी बोलवावे, आपलेच अन्न आपल्या भावाने वाढावे, याच्यासारखी दुसरी चांगली विक्री नाही. व्यापारी मधून जातो, पडलेल्या भावाच्या वर्षी चूल पेटती राहते. जेवणघर जरूर काढा. पण आधी दोन गोष्टी पाहा. एक, तुमच्या मळ्यावर राबणाऱ्याच्या पोटात काय जाते. आपण मजुराला वाईन देत नाही, हे खरे. पण पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला येणारी टोळी दिवाळीआधी उचल घेते आणि ती उचल फिटता फिटत नाही. बाजाराच्या दिवशी त्यातले किती पैसे गुत्त्यावर जातात, हे आपण पाहूनही न पाहिल्यासारखे करतो. मी तीस वर्षे बांधावर फिरलो, फवारणीचे वेळापत्रक शिकवले, पण टोळीच्या मुकादमाला हा प्रश्न एकदाही विचारला नाही. ही माझी चूक, दुसऱ्या कोणाची नाही. आणि दुसरी गोष्ट, चव कोणाच्या हातची आहे. पाहुणा पिठले-भाकरीचे कौतुक करील, पाटी तुमच्या नावाची असेल. चुलीपुढच्या बाईला दिवसाची हजेरी द्यायची की ताटामागे वाटा, हे पाटी रंगवण्याआधी ठरवा.

बापूंनी ऐकून घेतले. "म्हातारीला विचारतो," म्हणाले.

आता भगिनींसाठी कृती, नाहीतर मला घरात घेणार नाहीत. एक वाटी सबंध मसूर बोटचेपे शिजवून घ्या. पावाचे दोन तुकडे दीड वाटी दुधात भिजवून पिळून घ्या, पिळलेले दूध टाकू नका. दोन कांदे तेलावर गुलाबी परता, त्यात अर्धा चमचा हळद, दीड चमचा धने-जिऱ्याची पूड, थोडी मिरपूड, मीठ. मग मसूर, पाव, मूठभर बेदाणे, एका लिंबाचा रस आणि दोन चमचे जर्दाळूचा जॅम. जॅम नसेल तर आंब्याचा मोरांबा घाला, आम्ही तसाच घातला. जाड बुडाच्या पातेल्यात तूप लावून मिश्रण दाबून बसवा. उरलेल्या दुधात दोन अंडी फेटून वर ओता, तमालपत्रे खोचा. भट्टी नसली तरी बिघडत नाही. झाकणावर आणि खाली मंद निखारे ठेवून अर्धा तास. तिकडचे जुने लोकही लोखंडी भांड्यात असेच करत. अंडे चालत नसेल त्यांनी वरचा थर सोडावा. मी तसेच खाल्ले आणि तक्रार नाही.

गेल्या हिवाळ्यात तासगावकडे काम निघाले तेव्हा बापूंच्या मळ्यावर गेलो. पत्र्याची शेड, शेणाने सारवलेली जमीन, आठ टेबले. वाईन नाही, काकूंनी तेवढे चालू दिले नाही. द्राक्षाचा रस, बेदाण्याची चटणी, बाजरीची भाकरी. छाटणीला येणाऱ्या टोळीतल्या दोन बायका वर्षभर तिथेच राहिल्या आहेत, भाकरी त्यांच्याच हातची. खांबाला एक वही बांधलेली होती. ताटे किती गेली आणि दोघींचे किती झाले, ते काकू रोज संध्याकाळी लिहितात आणि त्यांच्याकडून अंगठा नाही, सही घेतात. सही करायला काकूंनीच शिकवले.

"बोबोटी ठेवता की नाही?" मी विचारले. काकूंनी कपाळाला हात लावला. "दोनदा केली, भाऊजी. दोन्ही वेळा खालून करपली. तुमच्या त्या बाईला विचारा, निखारे वर जास्त की खाली?"

वर जास्त, खाली कमी. कृतीत सांगायचे राहिले होते.